इंटरव्हलनंतर टिकतो तो पिक्चर: अलीकडचे काही सिनेमे आणि माझे आवडते दिग्दर्शक

कुठलाही पिक्चर बघून आलेल्याला "कसा आहे?" विचारा, बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, पहिला हाफ भारी आहे, सेकंड हाफमध्ये जरा ढेपाळलाय. हिंदी असो, मराठी असो, साउथचा डब केलेला असो, उत्तर तेच. मला तर आता दाट शंका आहे की आपल्याकडे लिहायला बसतात तेच मुळी इंटरव्हलपर्यंत, पुढचं काय ते शूटिंगच्या वेळी बघू म्हणून सोडून देतात. म्हणून हल्ली मी दिग्दर्शक निवडते ते याच एका गोष्टीवरून, मधे लाइट लागून परत बंद झाल्यावर ह्या माणसाकडे सांगण्यासारखं काही उरलेलं असतं का. हिरो कोण, बजेट किती, गाणी किती हिट, ते सगळं नंतर.

तसं बघायला गेलं तर दोष इंटरव्हलचा नाही. आपल्या पिक्चरची बांधणीच त्या थांब्याभोवती झालीय, राज कपूरच्या 'संगम' (१९६४) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) मध्ये तर दोन दोन इंटरव्हल होते. आता थांबायचंच आहे तर मोठा बार उडवून थांबा, असा सगळ्यांचा हिशेब, त्यामुळे होता नव्हता तो दारूगोळा त्या एका सीनवर खर्च होतो आणि मग पुढचा सव्वा तास नुसता धूर. 

'अ‍ॅनिमल' घ्या. संदीप रेड्डी वांगाचा, २०२३ च्या डिसेंबरमधला. इंटरव्हलआधीची ती हॉटेलमधली मारामारी, मुखवटे घातलेली टोळी कुऱ्हाडी घेऊन अंगावर येतेय, मागे चक्क मराठीत 'डॉल्बीवाल्या' चाललंय, आणि मग ती अवाढव्य मशीनगन बाहेर येते. नाही म्हणायचं कारण नाही, तो सीन जमलाय, थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. पण त्यानंतर? पिक्चर तीन तास एकवीस मिनिटांचा आहे हो! इंटरव्हलनंतर हिरो बरा होतोय, हिरो भांडतोय, हिरो परत भांडतोय, आणि ज्याची सगळे वाट बघत होते तो बॉबी देओल एक शब्द न बोलता येतो, मिळालेल्या जराशा वेळात सगळ्यांना खाऊन टाकतो आणि आपण म्हणतो अरे ह्याला आधी का नाही आणलं. बायकांबद्दल त्यात जे काही आहे त्यावर सगळ्यांचं भांडून झालंय, मला ते अजिबात पटलेलं नाही एवढंच सांगते. पण ते बाजूला ठेवलं तरी नुसती गोष्ट म्हणूनसुद्धा तो दुसऱ्या हाफमध्ये विस्कटतो.

आता ह्याच्या बरोब्बर उलटं उदाहरण. 'मंजुम्मेल बॉईज', मल्याळम, फेब्रुवारी २०२४, दिग्दर्शक चिदंबरम. गोष्ट २००६ साली खरंच घडलेली, मित्रांचा ग्रुप कोडाईकनालला फिरायला जातो, गुणा केव्हजमध्ये जायला बंदी असूनही घुसतो आणि एक जण खोल खड्ड्यात पडतो. पहिला बराच वेळ काय चाललंय तर पोरांचा नुसता दंगा, गाडीत गाणी, एकमेकांची खेचणं, आणि सुरुवातीला एका लग्नात दुसऱ्या ग्रुपशी रस्सीखेच. त्या वेळी वाटतं हे कशाला दाखवतायत, टाइमपास आहे नुसता. मग मित्र खड्ड्यात पडतो, पाऊस सुरू होतो, पाणी आत जायला नको म्हणून ही पोरं अंगाने पाणी अडवायला बघतात, आणि शेवटी वर खेचायची वेळ येते तेव्हा हातात काय असतं? दोर. तीच पोरं, तोच दोर, फक्त आता पलीकडच्या टोकाला मित्र लटकलेला. ही रस्सीखेच कोणी बोलून दाखवत नाही, कोणी "आठवतंय का रे लग्नातलं" म्हणत नाही, आपलं आपल्याला कळतं आणि अंगावर काटा येतो. वर तिथे १९९१ च्या 'गुणा'मधलं इळैयाराजांचं 'कण्मणी अन्बोड' वाजतं. मूळ पिक्चरमधलं प्रेमगीत इथे मैत्रीसाठी वापरलंय आणि असलं भन्नाट बसलंय की विचारू नका. सबटायटलवरच बघा, पोरांची आपापसातली बडबड डबिंगमध्ये फार कृत्रिम होते.

'महाराजा' पण त्याच वर्षीचा, जून २०२४, तमिळ, निथिलन स्वामिनाथन, विजय सेतुपतीचा पन्नासावा पिक्चर. एक केस कापणारा माणूस पोलीस स्टेशनमध्ये येतो आणि म्हणतो माझी लक्ष्मी चोरीला गेली, शोधून द्या. लक्ष्मी कोण तर घरातली कचऱ्याची पेटी! पोलीस आधी हसतात, मग वैतागतात, मग हाणतात, तरी हा हलायला तयार नाही, पैसे देतो म्हणतो. इंटरव्हलपर्यंत मला वाटत होतं विनोदी आहे. गोष्ट पुढेमागे करून सांगितलीय आणि आपण जी घटना ज्या काळातली समजून बसलेलो असतो ती तिथली नसतेच, हे इतकं शांतपणे उघडं पडतं की आधीचे सीन मनात परत लावून बघावे लागतात. शेवटचा धक्का मात्र मला दोन मनात ठेवून गेला, रचना म्हणून दाद द्यावी अशीच, पण त्यासाठी जे दाखवलंय ते बघवत नाही आणि तेवढं दाखवायची गरज होती का हा प्रश्न उरतोच. घरच्यांबरोबर बसून बघायचा नाही, सांगून ठेवते.

हिंदीत त्या मानाने शांत डोक्याने लिहिलेले दोन बघितले. विधू विनोद चोप्रांचा 'ट्वेल्थ फेल' सगळ्यांना माहितीय, नॅशनल अवॉर्डही मिळालं, विक्रांत मॅसीचं काम कमाल, पिठाच्या गिरणीत रात्रभर राबणारा आणि तिथेच अभ्यास करणारा तो पोरगा खरा वाटतो. मला फक्त मधे मधे ते नापास झालं की परत पहिल्यापासून 'रीस्टार्ट'चं फार होतं, पण शेवटचा इंटरव्ह्यूचा सीन निकाल माहिती असून धडधड वाढवतो, म्हणजे दिग्दर्शक जिंकला.

दुसरा किरण रावचा 'लापता लेडीज'. त्यातल्या सुरुवातीवर जेवढं बोललं जातं, रेल्वेतला तो घुंगटांचा घोळ, नवरीची अदलाबदल, तेवढं दुसऱ्या भागाबद्दल बोलत नाही कोणी. खरी गंमत तिकडे आहे. एक नवरी स्टेशनवर अडकलेली, तिला सासरच्या गावाचं नावसुद्धा धड माहिती नाही, आणि तिथे टपरी चालवणारी मंजू माई तिला हळूहळू शहाणी करते. छाया कदम! ही बाई जिथे जाईल तिथे सीन खिशात घालते, 'फँड्री'त होती, 'सैराट'मध्ये होती, 'अंधाधुन'मध्ये होती, पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये पण आहे, आणि कुठेही आधीचीच वाटत नाही. दुसरीकडे रवी किशनचा तो पान चघळणारा इन्स्पेक्टर, पूर्ण वेळ आपण त्याला एका नजरेने बघतो आणि शेवटी तो वेगळंच काही करतो. आता कोणी म्हणेल फार गोड आहे, सगळ्यांचं सगळं चांगलंच होतं. होतं, मला चाललं. ह्याच किरण रावचा पहिला पिक्चर 'धोबी घाट' २०११ मध्ये इंटरव्हलशिवाय दाखवला होता, म्हणजे बाईला ह्या प्रकाराबद्दल आधीपासूनच मत असणार.

इंग्रजी पिक्चरला आपल्याकडे जो इंटरव्हल देतात तो एक वेगळाच विनोद आहे. तिकडच्या दिग्दर्शकाने तो ठेवलेलाच नसतो, मग इथे साधारण अर्धं झालं की वाक्याच्या मधेच कापतात. 'ओपनहायमर'ला तर तीन तासांचा पिक्चर, सगळी माणसं फक्त बोलतायत, आपण कसेबसे नावं लक्षात ठेवून लय पकडलेली आणि खटकन लाइट. त्या पिक्चरबद्दल एक तक्रार खूप ऐकली, की बॉम्ब फुटला तिथे पिक्चर संपला, पुढचा तासभर नुसती चौकशी आणि राजकारण. मला नेमका तोच तास आवडला. बॉम्बचा सीन, तो आधीचा सन्नाटा आणि मग उशिरा येणारा आवाज, भारी आहेच, पण नंतर लोक टाळ्या वाजवतायत, पाय आपटतायत आणि ह्या माणसाच्या डोळ्यापुढे भलतंच दिसतंय, तिथून गोष्ट खरी सुरू होते. नोलनचे सगळेच पिक्चर मला झेपतात असं नाही, काहींत संवादच ऐकू येत नाहीत, पण हा झेपला.

बरं आता आवडते दिग्दर्शक. मराठीपासून सुरू करते कारण आपल्याकडे गेल्या पंधराएक वर्षांत जे झालंय त्याचं आपल्यालाच कौतुक कमी.

'सैराट'बद्दल नवीन काय सांगणार असं वाटेल, पण मला अजूनही लोक भेटतात जे म्हणतात की झिंगाटपर्यंत जबरदस्त आणि हैदराबादला गेल्यावर बोअर. अहो, बोअर नाही ते, मुद्दाम आहे! नागराज मंजुळेंनी पहिल्या हाफमध्ये सगळं दिलं, विहीर, ऊस, बुलेट, स्लो मोशन, अजय-अतुलची ती गाणी, म्हणजे हिंदी पिक्चरने आपल्याला ज्या प्रेमाची सवय लावलीय ते सगळं. आणि दुसऱ्या हाफमध्ये ते सगळं काढून घेतलं. झोपडपट्टीतली खोली, घाण वास सहन न होणारी आर्ची, पैशाची ओढाताण, परश्याचा संशय, मारलेली थप्पड. ज्या पोरीने बुलेटवरून आणि ट्रॅक्टरवरून एन्ट्री मारली ती आता परक्या भाषेच्या गावात कामाला जातेय. हळूहळू संसार मार्गी लागतो, मूल होतं, स्कूटी येते, आपणही सैल होतो, आणि हा सैलपणा त्यांना हवा होता. तो दुसरा हाफ जर पहिल्यासारखाच पळता असता तर शेवट नुसता धक्का झाला असता. त्या लहान पोराची रक्ताची पावलं आणि आवाज पूर्ण बंद, २०१६ मध्ये थिएटरमधून बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. 

'फँड्री' तर मला त्याहून वरचा वाटतो. डुक्कर पकडायची ती धावपळ, जब्याचं सगळं कुटुंब पळतंय, गाव तमाशा बघतंय, शाळेतली पोरं हसतायत, आणि डुक्कर हाताशी येतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे ताठ उभे. डुक्कर चाललं निघून. त्या सीनवर हसायचं की काय करायचं हे अजून ठरवता आलेलं नाही मला. मग शेवटचा दगड, तो सरळ आपल्याकडे येतो. 'झुंड' मात्र लांबला, अमिताभ असूनही लांबला, पोरं मस्त होती पण दुसऱ्या हाफमध्ये व्हिसा-पासपोर्टची धावपळ संपता संपत नाही. आवडत्या माणसाला सूट द्यायची नाही असं ठरवलंय म्हणून लिहिलं.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' हा पेशन्स असणाऱ्यांसाठी. कॅमेरा एका जागी ठेवलेला, तारखांवर तारखा, वकील लांबलचक जुने कायदे वाचून दाखवतायत, आणि आपण अक्षरशः कोर्टाच्या बाकावर बसल्यासारखे कंटाळतो. २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षिसं घेऊन आला म्हणून कौतुकाने बघायला गेलेले कित्येक जण अर्ध्यात झोपले असणार, त्यांना दोष देत नाही मी. पण शेवट बघा. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद होतात, अंधार, आपण चपला शोधायला लागतो की संपला बाबा एकदाचा, आणि पिक्चर परत सुरू होतो, जज साहेब फॅमिलीबरोबर सहलीला! त्यानंतर जे दहा-एक मिनिटं चालतं त्यात गाणी आहेत, गप्पा आहेत, डुलकी आहे आणि एक थोबाडीत आहे. एवढ्यात त्या माणसाबद्दल, आणि तो ज्यांचे निकाल देतो त्यांच्या नशिबाबद्दल, सगळं कळतं. जो अंधारातच उठून गेला त्याने पिक्चर बघितलाच नाही असं समजा.

पण एकच नाव घ्यायचं असेल तर मी परेश मोकाशींचं घेईन. कारण ह्या माणसाचा पुढचा पिक्चर कसा असेल ते सांगताच येत नाही. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' फाळक्यांवर, तो आपल्याकडून ऑस्करला पाठवला गेला, आणि चरित्रपट असून इतका खेळकर की शाळकरी पोरालाही आवडेल. मग 'एलिझाबेथ एकादशी', एक सायकल वाचवायला निघालेली पंढरपूरची पोरं. आणि मग थेट 'वाळवी', जानेवारी २०२३, खुनाचा प्लॅन!

'वाळवी'वर जरा थांबते. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोला संपवायचं ठरवतात, ते पण असं की आत्महत्याच वाटली पाहिजे. मिनिटामिनिटाचा हिशेब करून आखलेला प्लॅन. आणि मग बायको ठरल्यासारखी वागत नाही, एवढंच सांगते, पुढे बोलले तर मजा जाईल. स्वप्नील जोशीला आपण इतकी वर्षं गोड गोड प्रेम करताना बघितलंय आणि त्यालाच इथे घामाघूम, फसलेला, आतून सडलेला माणूस म्हणून उभं केलंय, ही निवडच अर्धी लढाई जिंकते, कारण सवयीने आपण त्याच्या बाजूने उभे राहतो आणि मग लाज वाटते. अनिता दाते, शिवानी सुर्वे, सुबोध भावे, चौघांवरच जवळजवळ सगळा खेळ. आणि लांबी दोन तासांच्या आत! एकही गाणं मधे येऊन बसत नाही, एकही मित्र विनोद करायला म्हणून ठेवलेला नाही. इंटरव्हलनंतर वेग वाढतच जातो, एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, त्यात विनोद असा की आपण हसतो आणि मग आठवतं की अरे इथे मेलेल्या माणसाबद्दल चाललंय. नाव 'वाळवी' का, हे अगदी शेवटी कळतं आणि कळतं तेव्हा मी टाळी वाजवली होती. मधे पोलिसांच्या बाबतीत जरा सोयीस्कर योगायोग आहेत, ते मान्य. पण बेस्ट मराठी फिल्मचं नॅशनल अवॉर्ड मिळालं ते योग्यच.

त्यांनीच लिहिलेला पण आशिष बेंडेने दिग्दर्शित केलेला 'आत्मपॅम्फलेट' पण २०२३ चाच, तो थिएटरमध्ये कधी आला कधी गेला कळलंच नाही. एका पोराचं शाळेतलं प्रेम आणि आजूबाजूला देशात चाललेलं सगळं, जात, धर्म, दंगली, हे सगळं एका मिश्कील निवेदनातून. शेवटाकडे जो काही उड्डाण घेतो तो काहींना अजिबात झेपला नाही, मला झेपला.

मोकाशींचाच 'नाच गं घुमा' ठीक, मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव दोघी धमाल, आरडाओरडा थोडा कमी चालला असता. 'मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी' २०२५ च्या १ जानेवारीला आला आणि प्रशांत दामले हिटलर झालेत हे ऐकूनच मी हसायला लागले होते. मूळ मोकाशींचंच नाटक. पण नाटकात जो धिंगाणा समोर घडताना चालून जातो तो पडद्यावर जवळून बघताना ओढून आणल्यासारखा होतो, एन्ट्री-एक्झिटची जी मजा स्टेजवर असते ती कॅमेऱ्याने कट मारला की संपते. इंटरव्हलनंतर मी घड्याळ बघितलं, मोकाशींच्या पिक्चरला पहिल्यांदाच.

हिंदीतला माझा माणूस श्रीराम राघवन. 'जॉनी गद्दार'मध्ये गद्दार कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय तरी शेवटपर्यंत हलू देत नाही. 'अंधाधुन' सुरू होतो कोबीच्या शेतातल्या एका सशापासून, आपण म्हणतो हे काय मधेच, आणि शेवटी तोच ससा सगळ्या गोष्टीवर प्रश्नचिन्ह लावून जातो. दुसऱ्या हाफमध्ये किडनीवाला भाग आला की फाफटपसारा झाला असं बरेच म्हणतात, थोडासा होतो पण, खोटं कशाला बोलू. तब्बू मात्र तो सगळा पसारा एकटी ओढून नेते.

'मेरी ख्रिसमस' जानेवारी २०२४ मध्ये आला आणि लोकांनी स्लो आहे म्हणून सोडून दिला. सुरुवातीलाच दोन मिक्सर शेजारी शेजारी दिसतात, एकात चटणी, दुसऱ्यात गोळ्या. तेवढं लक्षात ठेवून बघा. पहिला तासभर कतरिना कैफ आणि विजय सेतुपती नुसते भटकतायत, बोलतायत, नाचतायत, आणि तोच वेळ नंतर वसूल होतो, कारण शेवटची काही मिनिटं जवळपास संवादच नाहीत आणि तरी कोण काय ठरवतंय ते नजरेतून कळतं. घरी बघणार असाल तर एवढंच करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. हा पॉज करून करून, चार तुकड्यांत बघायचा पिक्चर नाही, मधला एखादा सीन निसटला तर शेवटी "मग ह्याने असं का केलं?" विचारत बसाल. ज्यांना फक्त कोण मेलं आणि कोणी मारलं एवढंच हवं असतं त्यांनी आधी 'वाळवी' बघावा, ह्याच्या नादी लागू नये.